बारापैकी बारा

लुबनाने सव्विसावी वही उघडली आणि तिथेही तोच आकडा. बारापैकी बारा. तेही पहिल्याच फेरीत.

प्रयोग स्मरणाचा होता. झुप, लेठ, मिघ, थुज असे बारा शब्द, ज्यांना कसलाच अर्थ नाही, ते समोरच्या माणसाला एकेक करून दाखवायचे आणि किती फेऱ्यांत ते पाठ होतात ते मोजायचं. भल्याभल्यांना आठ-दहा फेऱ्या लागतात. आलेख हळूहळू चढत जातो, आणि तो चढ बी.ए.च्या पोरांनी आपल्या डोळ्यांनी पाहावा एवढ्यासाठीच तर हा खटाटोप. इथे सव्वीस वह्यांत सव्वीस सपाट रेघा होत्या, आणि परीक्षा परवावर आलेली.

"वर्षाली, हे काय आहे?"

वर्षाली म्हणजे वर्गातली त्यातल्या त्यात अभ्यासू मुलगी. ती म्हणाली, "रिझल्ट आहे मॅडम."

"कोणाचा? प्रयोग कोणावर केलास?"

"चंद्रभानकाकांवर."

"आणि तू, शुभम?"

"मीबी काकांवरच."

सगळ्यांनीच. चंद्रभान हा मानसशास्त्र विभागाचा शिपाई. एकोणीस वर्षं प्रयोगशाळेच्या दाराशी स्टुलावर बसलेला. लुबना या कॉलेजात तासिका तत्त्वावर याच वर्षी लागलेली. अकोल्याहून रोज रेल्वेने बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून ऑटोने अमरावतीत. आधीच्या सरांनी ही भानगड तिला सांगितली नव्हती.

ती बाहेर गेली. चंद्रभान पेंगत होता.

"काका, झुप."

"लेठ, मिघ, थुज, डेघ..." डोळे न उघडता त्याने बाराही शब्द म्हणून दाखवले. मग दचकून उभा राहिला. "दुसरी यादी म्हणू का मॅडम? त्या कपाटात चार हायेत. उलट्याबी येतात."

लुबनाने कपाळाला हात लावला. मग तिने बाकीच्या प्रयोगांच्या वह्या तपासल्या. आरशात पाहून चांदणी गिरवायची, ज्यात माणूस हमखास कागदभर भरकटतो, ती चंद्रभानने अकरा सेकंदांत काढलेली. बुद्धिमापन चाचणीत बुद्धिगुणांक एकशे अडतीस. तो कागद तर त्याने प्लास्टिकमध्ये घालून स्टुलामागच्या भिंतीवर चिकटवला होता.

"काका, हा आकडा खरा नाही," ती वैतागून म्हणाली. "तुम्ही हीच चाचणी कितीदा सोडवली असेल!"

"ते तं मले मालूम हाये. पयल्या साली चौऱ्यांशी आला होता. पोट्टे हासले. मंग मी शिकलो." त्याने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. "शिकून आलं तं त्याले हुशारी नाही म्हणत का मॅडम तुमच्या पुस्तकात?"

"शिकणं वेगळं, बुद्धी वेगळी," लुबना म्हणाली. पुस्तकात तसं होतं. पण चंद्रभान पुढचं ऐकायला तसाच उभा राहिला, तशी ती चिडून पोरांकडे वळली.

"परीक्षेला नवी माणसं पाहिजेत," ती पोरांवर ओरडली. "ज्यांनी हे शब्द जन्मात पाहिले नाहीत अशी. आणि काका, तुम्ही आत यायचं नाही."

"मी आणतो न माणसं," चंद्रभान म्हणाला. "आठ पायजेत न पयल्या तुकडीले? काळजी नोका करू."

तिने हो म्हटलं. नंतर ती स्वतःलाच विचारत राहिली, काय म्हणून हो म्हटलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक शेखर सर खुर्चीत बसले. चंद्रभानने आणलेली आठ माणसं बाकांवर बसली: नईम ऑटोवाला, फुलं विकणाऱ्या माणिकबाई, झेरॉक्सवाला, आणखी कोण कोण. वर्षालीने पहिली फेरी दाखवली. माणिकबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि एका दमात म्हणून टाकलं, "झुप, लेठ, मिघ, थुज, डेघ..."

पलीकडच्या बाकावर नईमही त्याच चालीत सुरू झाला. त्याच्यामागून झेरॉक्सवाला.

शेखर सरांनी चष्मा वर केला. लुबना दारात धावली.

"काका! काय केलं तुम्ही?"

"काई नाही मॅडम. घाबरून राहिले होते बिचारे. म्हणे, आमी चौथी शिकलेले, आमाले कॉलेजात नापास करतीन. म्हणून सकाळी बसवून थोडंसं पाठ करून घेतलं." त्याचा चेहरा इतका निरागस होता की लुबनाला धड रागावताही येईना. "कोणाचंबी हसू होऊ नाही म्हटलं."

ती आत आली आणि तिने परीक्षकांना सगळं खरं सांगून टाकलं: वह्या, सपाट रेघा, सकाळची शिकवणी. शेखर सरांनी कपाटातल्या चारही याद्या बाजूला सारल्या.

"नवी यादी करा," ते म्हणाले. "माझ्यासमोर."

लुबनाने कागद ओढला. अर्थ नसलेले शब्द बनवायला बसलं की प्रत्येकाला कुठून तरी अर्थ फुटतो. तिने लिहिलेल्या एका शब्दाला माणिकबाई खुदकन हसल्या. तो खोडावा लागला. दुसरा म्हणे झेरॉक्सवाल्याच्या मेव्हण्याचं टोपणनाव. बारा शब्द जमायला पाऊण तास गेला. मग खरा प्रयोग सुरू झाला आणि खोलीत कुरकुर सुरू झाली. नईमला पहिल्या फेरीत तीनच आठवले, चौथीत सहा, पाचवीत पुन्हा पाच. "अभी तो याद था!" म्हणत त्याने बाकावर हात आपटला. अकराव्या फेरीत त्याचे बारा पूर्ण झाले. वर्षालीच्या कागदावर वाकडातिकडा, मध्येच घसरणारा, पण चढणारा आलेख उमटला. वर्षभरात पहिल्यांदाच ती पोरगी स्वतःहून म्हणाली, "मॅडम, हे तं खरंच तसंच होते!"

सगळं आटोपेस्तोवर साडेपाच झाले. नईमच लुबनाला बडनेऱ्याला सोडायला निघाला.

"मैडम, मेरा क्या हुआ? पास के फेल?"

"इसमें पास-फेल नहीं होता, नईमभाई."

"तो फिर इत्ती देर काहे को बिठाया?"

लुबनाने समजावायला सुरुवात केली. स्मरण म्हणजे काय, विसरणं कसं होतं, माणिकबाईंना आठच फेऱ्या का लागल्या असतील. नईम दर चौकात ऑटो थांबवून मागे वळून विचारायचा, "मतलब वो मेरे से हुशार?" आणि ती दर चौकात पहिल्यापासून सांगायची. बडनेऱ्याला पोचली तेव्हा अकोल्याची गाडी सुटलेली होती.