एका बटणाची डबी

"अहो, इकडे या जरा."

डबी बोलली आणि मिस्त्रीने तिला शिवी हासडली. त्याच्या बोटाखाली मेली कशी पोपटासारखी बोलते! पलंगावर बायकोच्या बोटाखाली ठेवली की मूग गिळून गप्प.

मिस्त्रीचं आयुष्य बंद पडलेले रेडिओ आणि टीव्ही उघडण्यात गेलं. बायको दुकानात गल्ल्यावर बसायची. मग तिच्या नसांना आजार जडला. आधी पाय गेले, मग हात. वाचाही जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा लेकीने तिच्या आवाजातलं हे एक वाक्य कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलं. शेवटी उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. मिस्त्रीने जुन्या कीबोर्डातलं सर्किट काढून साबणाच्या डबीत बसवलं, वर एकच बटण लावलं आणि यूएसबीची वायर कॉम्प्युटरला जोडली. बटण दाबलं की तिचा आवाज घरभर. पहिल्यांदा तिने दाबलं तेव्हा हा शेजारीच बसलेला, तरी "आलो, आलो" म्हणत उठून उभा राहिला होता. त्यानंतर पठ्ठी दिवसभर हाका मारायची, काम असो नसो. मिस्त्रीच्या नाकी नऊ यायचे, पण प्रत्येक हाकेला जीव सुपाएवढा व्हायचा.

आज सकाळपासून हाक नव्हती.

बिघाड शोधायची मिस्त्रीची एक पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि शेवटी जे बदलायचं उरेल, त्याला धरायचं. त्याने वायर बदलली. सोल्डरिंग नव्याने केलं. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या पोर्टला लावून पाहिलं. एका जुन्या माऊसमधलं बटण काढून बसवलं, इतकं हलकं की माशी बसली तरी दबेल. दर वेळी त्याने दाबलं की हाक यायची, आणि दर वेळी तिच्या बोटाखाली डबी मुकी. बायको नुसती त्याच्याकडे बघत होती.

दुपारी लेक आली. तिने डबी उचलून दाबली, आईचा आवाज ऐकला आणि हलकेच म्हणाली, "बाबा, डबी चांगली आहे."

"तुला काय कळतं त्यातलं? लूज कनेक्शन असेल कुठेतरी."

लेक वाद न घालता स्वयंपाकघरात गेली. मिस्त्रीला ते कळलं नव्हतं असं थोडंच! वायर बदलली तेव्हाच कळलं होतं. पण माणसाचं मन मोठं चिवट, शेवटचा स्क्रू फिरवेपर्यंत ऐकत नाही.

त्याने डबी बाजूला ठेवली आणि बायकोचं बोट आपल्या मुठीत धरलं. दाब बघू, म्हणाला. तिच्या कपाळावर आठी पडली, श्वास जोरात चालू लागला. बोट मुठीत सुतळीच्या तुकड्यासारखं पडून राहिलं. काय झालंय, हा एकच प्रश्न तिच्या डोळ्यांत होता.

असे डोळे त्याने काउंटरपलीकडे पुष्कळ पाहिले होते. सेट गेला, असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची त्याची कधी छाती झाली नाही. त्याचं ठरलेलं एकच उत्तर असायचं. बिचारी माणसं परत परत खेटे घालायची आणि मग यायचीच बंद व्हायची. गल्ल्यावर बायको तोंडावर हात ठेवून हसायची आणि घरी आल्यावर टोमणा मारायची, तुमचा पार्ट काही या जन्मात यायचा नाही, सांगून टाका एकदाचं.

मिस्त्रीने वायर डबीभोवती गुंडाळली.

"बटणच खराब निघालं गं," तो म्हणाला. "पार्ट मागवलाय."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं आणि त्याने जीभ चावली. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग गिऱ्हाईकं 'बरं' म्हणून मान हलवायची, तशा तिने पापण्या सावकाश मिटल्या आणि उघडल्या.

मिस्त्री डबी मांडीवर घेऊन तिच्या शेजारीच बसून राहिला. आता उठायचं काही कारण नव्हतं.