मी कुणालाच सांगितलं नाही

आमच्या गावात गुपित टिकत नाही. सकाळी अंगणवाडीच्या खिचडीत मीठ जास्त पडलं, तर दुपारी तिसगावच्या बाजारात लोक मला अडवून विचारतात, "चांगुणाबाई, आज समुद्र ओतला का पातेल्यात?" अशा गावात सरपंचानं एक गोष्ट पंधरवडाभर पोटात ठेवली, याचं मला अजून नवल वाटतं. रागही येतो, पण आधी नवल.

गोष्ट पाण्याची होती. आमच्या टाकीत ज्या विहिरीचं पाणी चढतं, तिचा नमुना पावसाळा संपल्यावर नेहमीप्रमाणे तालुक्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि नापास झाला. नायट्रेट फार. शेतातलं खत आणि गटाराची घाण मुरत मुरत विहिरीत उतरते, त्यातून ते येतं. मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही, पण वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला ते बाधतं. रक्तातला प्राणवायू कमी होतो आणि ओठ निळे पडायला लागतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत होतं प्रयोगशाळेला, पंचायत समितीच्या साहेबांना आणि आमचे सरपंच अजिनाथ यांना.

साहेबांनी सरपंचांना फोनवर बजावलं होतं, की फेरतपासणी होईपर्यंत वाच्यता नको, उगीच घबराट होते. त्यात गावाचं नाव तालुक्याच्या शुद्ध पाण्याच्या पुरस्कारासाठी पुढं गेलेलं. पाहणीला पथक येणार होतं. मुलगी बघायला पाहुणे यायच्या दिवशी तिचं दुखणं कोण सांगतं? तसलाच हा प्रकार.

अजिनाथ वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून टाकते. अंगणवाडीचं गळकं छत त्यानंच मागे लागून नीट करून घेतलं. कदाचित म्हणूनच त्याला अगदी गप्प राहवेना आणि त्यानं अर्धं सांगायचं ठरवलं. खंडोबाच्या देवळावरच्या कर्ण्यातून रोज सकाळी पुकारा सुरू झाला, "ग्रामस्थांनी पाणी उकळून प्यावे." कशाला, तर म्हणे हवा बदललीय. मीही आपली आयांना तेच सांगत सुटले. एकदा नका, दोनदा उकळा. माझं कोण ऐकत नाही असं होत नाही, कारण मी ऐकेपर्यंत दारातून हलत नाही.

सरपंचांच्या दारात मात्र त्याच दिवसांत तिसगावहून टेम्पो यायला लागला आणि पाण्याचे जार उतरायला लागले. सुनेचं पोट नाजूक आहे, असं कारण कळलं. मोठ्या घरच्या सुनांची पोटं नाजूक असतातच, म्हणून कुणी फार चौकशी केली नाही.

एका शनिवारी मेहरीन मला भेटायला अंगणवाडीत आली. ही आमच्या रज्जाक मिस्त्रींची मुलगी. रज्जाकभाई विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतात. पोरगी माझ्यासमोर मांडी घालून बाराखडी शिकली, पुढं नगरला जाऊन बी.एस्सी. झाली आणि त्याच तालुक्याच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर लागली. कंत्राट दर मार्चमध्ये वाढवून घ्यायचं, म्हणजे दर मार्चमध्ये याच साहेबांचा मूड सांभाळायचा. धाकट्या जीशानचं कॉलेज तिच्याच पगारावर चाललंय.

त्या वेळी निकिता माझ्याजवळ बसली होती. निकिता ही गोजरबाईची नात, पहिल्या बाळंतपणाला आजीकडं आलेली. अंगावरचं दूध पुरेना म्हणून बाळ डब्याच्या दुधावर होतं. ती कौतुकानं मला सांगत होती, "बाई, मी तर पानी पार निम्मं होईस्तोवर उकळते. मग बाटली भरते."

मी "शाब्बास" म्हणाले. आणि मेहरीनचा चेहरा उतरला.

तिनं बाळाला उचललं, खिडकीच्या उजेडात नेलं आणि त्याचे ओठ न्याहाळले. मला वाटलं, लाडानं बघतेय.

"निकिता, हे पाणी बाळाला देऊ नकोस," ती म्हणाली. "उकळून तर मुळीच नको."

"अगं, उकळल्यावर काय उरतं त्यात?" मी म्हणाले.

"तेच तर उरतं, बाई. वाफ उडून जाते आणि नायट्रेट खाली राहतं. पाणी निम्मं झालं की ते दुप्पट होतं." मग तिनं दाराकडं पाहिलं, आवाज खाली आणला आणि सगळं सांगितलं. नमुन्याचं, साहेबांचं, सरपंचांचं. शेवटी म्हणाली, "माझं नाव घेऊ नका, बाई. बाहेर बोललं तर कंत्राट संपलं म्हणून समजा, असं आम्हाला बजावलंय."

"मग बोललीस कशाला?"

"ती बाटली बघून गप्प कशी बसू?" ती म्हणाली. तिनं ओढणीनं डोळे पुसले. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी उलट तिलाच रागावले, "चहा घे आधी, रडू नकोस."

निकिता त्याच दुपारी बाळाला घेऊन नगरला गेली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, पाणी बदला. बाळ सुधारलं. आणि मी घरोघरी गेले. विहिरीचं पाणी बाळांना देऊ नका, उकळूनही नको, एवढंच सांगितलं. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मला कळलं." दुसऱ्या दिवशी गोष्ट मोबाईलवर फिरली, नंतर नगरच्या पेपरात आली, आणि पाहणीचं पथक गावात येण्याआधीच रद्द झालं.

मग साहेब स्वतः आले. देवळाच्या सभामंडपात खास ग्रामसभा भरली. विषय काय असावा? पाणी? छे! विषय असा, की बातमी फोडली कुणी.

रंगनाथ गुरुजी आधी उठले. शाळेतून निवृत्त झालेत, पण बोलताना अजून खडू हातात असल्यासारखी बोटं धरतात. ते म्हणाले, "पारदर्शकता मलाही हवी. याच जिल्ह्यात माहितीच्या अधिकारासाठी माणसं उपाशी बसली, ते मी पाहिलंय. पण ती रीतसर मागायची असते. एकच तपासणी झाली होती. ती चुकीची निघाली असती तर? उद्या जो तो कचेरीतली अर्धीमुर्धी गोष्ट बाहेर आणील आणि गावात रोज पळापळ होईल." गुरुजींचं अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही.

पण दिपाली कुठं ऐकतेय! पंचायतीतली सगळ्यात तरुण सदस्य, बोलायला फटकळ. "गुरुजी, विहीर आमची. पानी आमचं. नमुना आमच्याच विहिरीतनं नेला. मग निकालच तेवढा सरकारचा कसा झाला? चूक निघाली असती तर चार दिवस जार प्यालो असतो. बाळ गेलं असतं तर फेरतपासनी कुनाची करनार हुता?"

बायकांच्या बाजूनं "व्हय, व्हय" झालं. पुरुषांकडून "पन रीत हाय ना काही" असं आलं. बराच वेळ दोन्हीकडून ताणाताणी चालली. साहेब मोबाईल बघत होते. शेवटी म्हणाले, "चर्चा छान आहे. मला फक्त एक नाव हवंय. माहिती कार्यालयातूनच फुटलीय. इथं पहिल्यांदा कुणी सांगितलं ते कळलं, की तिथला माणूस मी शोधतो."

रज्जाकभाई खांबाला टेकून बसले होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली. लेकीनं घरी सांगितलं असणार.

गावात कुणी तोंड उघडेना, तेव्हा अजिनाथ उभा राहिला. पाहणी रद्द झाल्यापासून त्याला झोप नसावी, डोळे तांबारले होते. "बेल-भंडारा उचला," तो म्हणाला. "एकेकानं देवापुढं सांगा. म्हंजे मिटलं."

आमच्याकडं खंडोबाचा बेल-भंडारा तळहातावर घेऊन बोललेलं शेवटचं. बांधाची भांडणं त्यावर मिटलीत, मोडायला आलेले संसार त्यावर टिकलेत. मी काही फार देवदेव करणारी नाही, पण हळद हातात घेऊन खोटं बोलणं माझ्यानं व्हायचं नाही. आणि खरं बोलले, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, की तुला कुणी सांगितलं? घरोघरी फिरलेली मीच, हे तर अख्ख्या गावाला ठाऊक. सगळ्या माना हळूहळू माझ्याकडं वळत होत्या. मेहरीनचा मार्च माझ्या तळहातावर येऊन बसणार होता.

पण आमच्या गावची एक रीत आहे, आणि अजिनाथ रागाच्या भरात ती विसरला होता. ज्यानं भंडारा उचलायला लावला, त्यानं आधी उचलायचा. पुजाऱ्यानं ताट त्याच्याचपुढं धरलं.

त्याला वाटलं असावं, आपल्याला काय भीती? आपण तर खरंच कुणाला काही सांगितलेलं नाही. त्यानं बेलाचं पान घेतलं, त्यावर चिमूटभर हळद घेतली, हात पुढं केला आणि मोठ्यानं म्हणाला, "खंडोबाची आन. विहिरीची गोष्ट मी कुनालाच सांगितली न्हाई. ना घरात, ना दारात."

बायकांतून गोजरबाईचा आवाज आला. गोजरबाई अजिनाथची चुलती. त्याची आई तो रांगता असताना गेली, तेव्हापासून यांनीच त्याला अंगाखांद्यावर वाढवला. आता दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत आहे.

"खरं बोलतोय त्यो," गोजरबाई म्हणाल्या. "मला बी न्हाई सांगितलं."

"काकी, तुमी मधी..."

"तुज्या दारात जार उतरायचे. मी इचारलं, तर म्हनलास, सुनंचं पोट नाजूक हाय. मी म्हनलं, असंल. भिंतीच्या अल्याड निकी लेकरासाठी पानी उकळत बसायची. चुलीचा धूर तुज्या घरात यायचा, आजिनाथा. तू खोकत हुतास. मला ऐकू येत हुतं."

अजिनाथचा हात तसाच पुढं होता. "साहेबांचा हुकूम हुता, काकी."

"साहेबाला म्या न्हाई वाढवलं."

त्या एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. मला अजिनाथकडं बघवेना. आयुष्यात इतकं खरं तो कधी बोलला नसेल, आणि त्या खऱ्यानंच त्याची मान खाली गेली.

साहेब खाकरले. "आजीबाई, तुमचा त्रास समजतो. पण विषय तो नाही. चला, पुढं कोण?" त्यांनी थेट माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही अंगणवाडीच्या ना? या."

मी उठले. काय बोलणार होते, खंडोबालाच माहीत. मला काहीच सुचलेलं नव्हतं. खांबाकडं बघायचं मी टाळलं.

"बाई, बसा," अजिनाथ म्हणाला.

मी बसले नाही. त्यानं ताट हातानं बाजूला सारलं.

"कुनी उचलू नका. साहेब, लिवा. मी सांगितलं."

साहेब हसले. "अहो, आत्ताच तर तुम्ही शपथ घेतलीत, कुणालाच सांगितलं नाही म्हणून!"

"खोटी घेतली."

"देवापुढं? भंडारा हातात घेऊन?"

"भंडारा माज्या हातात हाय ना? मग देवाचं अन् माजं आमी बघून घिऊ. तुमी लिवा. सरपंचानं सांगितलं. गावाचा सरपंच हाय मी, गावाच्या पान्याचं गावाला सांगितलं. काय करायचं ते माज्यावर करा."

साहेबांनी एकदा सभेकडं पाहिलं. अख्खं गाव गप्प. आमच्या गावात गुपित टिकत नाही म्हणाले ना मी? त्या दिवशी एक टिकलं. कचेरीतली पोरगी कोण, हे निम्म्या मंडपानं ओळखलं होतं, आणि एकही मान रज्जाकभाईंकडं वळली नाही. गुरुजींनीसुद्धा बोटं मुठीत मिटून घेतली. साहेबांनी नाइलाजानं सरपंचाचं नाव लिहून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत टँकर पाठवतो म्हणाले.

लोक उठायला लागले. अजिनाथ मात्र हात तसाच धरून उभा होता. उचललेला भंडारा परत ताटात टाकायचा नसतो, आणि कपाळाला लावायची त्याची हिंमत होत नव्हती.

गोजरबाई गुडघ्यावर हात टेकत उठल्या. त्याच्याजवळ गेल्या. त्याच्या तळहातावरची हळद चिमटीत घेतली आणि त्याच्या कपाळाला लावली.

"आता सांगितलंस," त्या म्हणाल्या. "चल घरी. अन् त्यो जार आदी माज्याकडं आन. निकीचं लेकरू भुकेलं असंल."