नमुन्यापुरते एकच पान

मी एक जुना लॅपटॉप आहे. रंगाने राखाडी, कडेला टवका उडालेला आणि स्वभावाने संशयी. मित्रांनो, यंत्राला कसला आला आहे संशय, असे तुम्ही म्हणाल. पण ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही तरी गुण लागतोच. माझेही तसेच झाले. मात्र माझी मालकीण मुळात संशयी नव्हती. तिला तसे व्हायला लागले, आणि ते मी जवळून पाहिले.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले पांढरे दिवे आणि हातमोजे घातलेली माणसे एवढेच मला आठवते. पुढे अंधेरीच्या एका कार्यालयात मी काही काळ राबलो. ते कार्यालय बंद पडले तेव्हा मला दुरुस्तीच्या दुकानात आणून टाकले. तिथे मला गंधालीने पाहिले, उघडले, माझ्या कळांवरून बोटे फिरवली आणि म्हणाली, "चालेल हा. चेहरा गरीब आहे."

गंधाली घाटकोपरच्या भटवाडीत आईबरोबर राहायची. लोकांच्या वेबसाइट सजवून देणे हा तिचा धंदा. नोकरी नाही, वर साहेब नाही. येईल ते गिऱ्हाईक आपले. केकवाली, योगासने शिकवणारे मास्तर, कुत्र्यांचा दवाखाना अशी कितीतरी पाने आम्ही दोघांनी मिळून केली. काम पोहोचले की "झकास!" असा निरोप यायचा, आणि ती माझ्या पाठीवर थाप मारायची. दर रविवारी आईच्या जुन्या मऊ पातळाच्या तुकड्याने ती मला पुसायची. माझे ते दिवस फार सुखाचे होते.

मग नंदकिशोर काका आले. ते त्याच इमारतीत राहायचे. गंधालीच्या वडिलांचे मित्र, त्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती. मुलुंडला त्यांनी लग्नाचा हॉल चालवायला घेतला होता आणि त्याची वेबसाइट हवी होती.

"तुझं दोन मिनिटांचं काम गं," काका म्हणाले. "घरचंच आहे."

"गो, काका इतक्या सांगतत तर दी करून," आईनेही आतून सांगितले. आई मालवणकडची.

ती दोन मिनिटे सगळा उन्हाळा चालली. आधी तोरण पिवळे हवे, मग केशरी, मग पुन्हा पिवळे. काकांच्या मेहुण्यांना अक्षरे लहान वाटली, मुलीला मोठी. शेवटी सगळे मनासारखे झाले तेव्हा काका पेढ्यांचा पुडा घेऊन आले. गंधालीने तो हसून घेतला. पण जाताना जिन्यात काका कोणाला तरी फोनवर सांगत होते ते आम्हाला दोघांनाही ऐकू आले: "आमच्या गंधालीकडे जा की! ती पैसेबिसे काही घेत नाही. आधी सॅम्पल करून घ्या बिनधास्त."

गंधालीने पुडा उघडलाच नाही. त्या दिवशी तिने माझ्या कॅमेऱ्यावर आईची एक टिकली चिकटवली. व्हिडिओ कॉलपुरती ती काढायची, आणि कॉल संपला की परत लावायची. आतून कोण डोकावत असेल, याचा नेम राहिला नाही, असे ती म्हणायची.

काकांच्याच ओळखीने यज्ञेश आला. अंधेरीला त्याची नवी कंपनी होती, लोकांची घरे सजवून देण्याची. बोलणे लोण्यासारखे.

"ताई, एक छोटंसं सॅम्पल द्या ना. सिलेक्ट झालात तर वर्षभराचं काम तुमचंच. नमुन्यापुरतं एकच पान."

"कुठलं पान? पहिलं?"

"नाही नाही. आमच्या कामांचे फोटो असतात ना, ते आतलं पान."

इथेच माझा पंखा जरा जोरात फिरू लागला. मित्रांनो, घर बघायला आलेला माणूस आधी दार बघतो. हा एकदम मोरीच दाखवा म्हणत होता! शिवाय निळा रंग नेमका हाच हवा, फोटोची चौकट अशी कमानदार हवी, हे सगळे त्याच्याकडे ठरलेले होते. ज्याच्याकडे अजून काहीच बनलेले नाही, त्याला इतके बारकावे सुचतात कुठून?

गंधालीलाही ते खटकले. पण वर्षभराचे काम म्हटल्यावर माणूस स्वतःची समजूत घालतो. तिने पान केले, आणि फार सुरेख केले. फक्त तिने एक खबरदारी घेतली. मूळ काम यज्ञेशच्या हाती न देता ते नुसते बघता येईल अशी सोय तिने करून दिली.

यज्ञेशने व्हिडिओ कॉल लावला. बदल दाखवताना त्याने स्वतःचा पडदा आमच्यासमोर उघडला आणि चुकून दुसरेच काहीतरी आधी आले. तोच निळा, तीच कमान, पण ते वेबसाइटचे पहिले पान होते. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही होती: स्वरदा. त्याने झटकन ते मिटले.

"ते जुनं आहे," तो म्हणाला.

कंपनी नवी आणि पान जुने? कॉल संपल्यावर गंधालीने टिकली लावली आणि शोधाशोध करून बोरिवलीच्या एका स्वरदाचा नंबर मिळवला. तीही हेच काम करणारी निघाली.

"माझा नंबर कुठून मिळाला तुला?" स्वरदाचा पहिला प्रश्न. "त्यानेच पाठवलंय ना? माझं काम बघून तसंच स्वस्तात करून द्यायला?"

"अगं, उलट मीच विचारतेय. तू त्याची माणूस नाहीस कशावरून?"

फोनवर काही जमेना. शेवटी दोघींनी अंधेरीला मेट्रोजवळच्या एका उडुप्याकडे भेटायचे ठरवले. एकमेकींच्या घरी जायचा तर प्रश्नच नव्हता.

टेबलावर मी आणि माझ्यासमोर स्वरदाचा काळा लॅपटॉप. दोघेही मिटलेले.

"आधी तू उघड," स्वरदा म्हणाली.

"का? फोन मी केला होता. तू उघड."

"म्हणजे तू बघून घेणार आणि उठून जाणार."

चहा आला. त्यावर साय धरली. वेटर दोनदा येऊन बघून गेला. मलाही त्या काळ्याचा भरवसा वाटत नव्हता. मग गंधालीने एक निःश्वास टाकला, मला उघडले आणि माझे तोंड सरळ स्वरदाकडे फिरवले.

स्वरदा बराच वेळ बघत राहिली. मग तिने आपला उघडून माझ्याशेजारी लावला. तिच्या पहिल्या पानावरची निळी पट्टी जिथे संपत होती, तिथून माझ्यावरची सुरू होत होती. जणू एकाच साडीचे दोन तुकडे.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. "हे माझ्याच पानाचं पुढचं पान आहे."

"म्हणजे तिसरं कोणाकडे तरी चालू असेल," गंधाली म्हणाली. "चौथं आणखी कोणाकडे. आपण सगळ्या परीक्षा देतोय, आणि त्याची वेबसाइट फुकटात उभी राहतेय."

यज्ञेशचे ऑफिस तिथून जवळच होते. दोघी तडक गेल्या. मी पिशवीत होतो. दिसले काही नाही, पण ऐकू सगळे आले.

"अरे वा! तुम्ही एकमेकींना ओळखता?" यज्ञेशचा आवाज जरा चिरकला.

"आजपासून," गंधाली म्हणाली.

"हे बघा, टेस्ट तर सगळेच देतात. मी कुठं काही लिहून दिलं होतं?"

"मग तुम्हीही लोकांना सॅम्पल देता का? हॉलची एक भिंत सजवायची, आवडली तर बाकीचं घर?"

"ताई, आमचं वेगळं असतं. आमचं खरं काम आहे."

त्या वाक्यानंतर पिशवीच्या पट्ट्यावर गंधालीची मूठ आवळलेली मला जाणवली. दोघी परत आल्या. जिंकून आल्या, असे मी म्हणणार नाही. काही दिवसांनी यज्ञेशची वेबसाइट सुरू झाली. पहिले पान स्वरदाचेच होते. निळ्याचा हिरवा केलेला आणि कोपऱ्यातली सही पुसलेली. तिने मूळ काम विश्वासाने देऊन टाकले होते. आतल्या पानाच्या जागी मात्र "लवकरच येत आहे" एवढीच पाटी होती. ते त्याच्या हाती लागलेच नव्हते.

"तू वाचलीस," स्वरदा फोनवर म्हणाली. "मूळ काम हातात द्यायचं नाही हे तुला आधीच माहीत होतं, आणि मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार? तेव्हा तू कोण हेच मला माहीत नव्हतं!"

पण स्वरदाला ते पटले नाही. बोलणे तुटले. आम्ही गंडवले गेलो त्याचे मला तितके वाईट वाटले नाही, जितके या दोघींच्या तुटण्याचे वाटले. लबाड माणूस काम तर नेतोच. जाताना दोघा चांगल्या माणसांत संशय पेरून जातो.

त्यानंतर गंधाली बदलली. आधी करार, निम्मी रक्कम आधी, मग काम. काही गिऱ्हाइके तोंड फिरवून गेली, काही टिकली. टिकलेल्यांच्या जोरावर तिने नवा लॅपटॉप घेतला. दुकानदार मला मोडीत घ्यायला तयार होता. पण ती म्हणाली, "नको. पुसलं तरी आतलं काढतात हे लोक." मी कपाटात गेलो, उशांच्या अभ्र्यांखाली. माझी बॅटरी हळूहळू मेली. मला कोणी वाईट वागवले नाही, फक्त विसरले. कपाटाच्या फटीतून ऐकू येणाऱ्या टकटक आवाजावरून मी अंदाज करायचो, आज काम कसे चालले आहे.

एके सकाळी फोन वाजला. पलीकडे स्वरदा होती. तिचा काळा लॅपटॉप ऐन कामात बंद पडला होता. गिऱ्हाईक चांगले होते, पैसे देणारे होते, आणि काम थांबले तर हातचे जाणार होते.

"तुझ्याकडे कुणी ओळखीचं आहे का गं, भाड्याने देणारं?" एवढेच तिने विचारले. मागितले काहीच नाही.

गंधालीने कपाट उघडले. मला झटकले, तारेला जोडले. मी धापा टाकत का होईना, सुरू झालो.

"गो, सगळा पुसून तरी दी," आई म्हणाली. माझ्यात गंधालीची सारी वर्षे होती: गिऱ्हाइकांची नावे, अर्धी राहिलेली कामे, नाकारलेली चित्रे.

"पुसत बसले तर तिचा दिवस जाईल, आई," गंधाली म्हणाली, आणि रिक्षा करून मला थेट बोरिवलीला घेऊन गेली.

स्वरदाने दारातच मला दोन्ही हातांनी घेतले. "पासवर्ड?" तिने चाचरत विचारले. गंधालीने तो तिथल्या तिथे, मोठ्याने सांगितला.

मित्रांनो, त्या दिवशी मी स्वरदाच्या बोटांवर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. आता ही कुठला कप्पा उघडते? कुणाचे नाव वाचते? तिने एक नवा कप्पा केला, त्याला स्वतःचे नाव दिले आणि तिथेच काम सुरू केले. बाकीच्या एकाही कप्प्याला तिने हात लावला नाही. काम वेळेत गेले. त्यानंतर त्या दोघी मिळूनच कामे घेऊ लागल्या, आणि मी बोरिवलीलाच राहिलो.

आता मी फार चालत नाही. तुम्ही तुमच्या यंत्रांना धुळीपासून जपा, हे तर सांगतोच. पण तुमच्या वर्गात एखादी छान चित्रे काढणारी मुलगी असेल, आणि तुम्ही तिला "एकच काढून दे ना, तुला काय, दोन मिनिटांचं काम" असे म्हणणार असाल, तर जरा थांबा. तिच्या त्या दोन मिनिटांमागे किती दिवस आहेत, ते आधी तिला विचारा. आणि कुणी विश्वासाने आपला कप्पा तुमच्या हाती दिला, तर त्यातले आपले तेवढेच उघडा.