तिसरी रांग

“आई, तिथे कुणी बसून बघत नाही गं,” मानस म्हणाला. पण तोवर सुमित्राबाईंनी चपला शोरूमच्या चकचकीत फरशीवर काढून ठेवल्या होत्या, निऱ्या एका हातात गोळा केल्या होत्या, आणि मधली सीट दुमडायला लावून त्या गाडीच्या पार मागच्या, तिसऱ्या रांगेत शिरत होत्या. वय बहात्तर, गुडघे कुरकुरणारे. एक पाय आत आणि एक बाहेर अशा त्या क्षणभर अडकल्या, तशा सेल्सच्या सरला मॅडम हात द्यायला पुढे धावल्या.

“आंटीजी, आप बीच में बैठिए ना. पीछे तो बच्चे बैठते हैं.”

“हमारे यहाँ बड़े भी बैठते हैं,” म्हणत सुमित्राबाईंनी दुसरा पाय आत ओढला आणि बसल्या. मग गुडघे पुढच्या सीटला टेकतात का ते पाहिलं. मान ताठ करून डोकं छताला लागतं का ते पाहिलं. खिडकीतून बाहेरचं किती दिसतं, तेही वाकून पाहिलं.

“उल्हासला जरा अडचण होईल,” त्यांनी आतूनच निकाल दिला. “पण नीला मजेत बसेल. आणि अहो, बॅगा कुठे ठेवायच्या?”

अहो म्हणजे सूर्यकांत. ते हात पाठीमागे बांधून गाडीचं चाक बघत उभे होते. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात छत्तीस वर्षं फायली वाचलेल्या ह्या गृहस्थांना चटकन उत्तर द्यायची सवय नव्हती.

“वर कॅरिअर लावता येईल,” बऱ्याच वेळाने ते म्हणाले.

सरला मॅडम चाळिशीच्या, कानापाशी चार केस पांढरे झालेल्या. त्या हसल्या. “पंद्रह साल से गाड़ियाँ बेच रही हूँ आंटीजी, तीसरी सीट पर बैठकर देखने वाली आप पहली कस्टमर हैं. लोग सनरूफ खोलते हैं, म्यूझिक लगाते हैं, फिर दूर खड़े होकर देखते हैं कि पड़ोसियों को कैसी लगेगी.”

“पड़ोसियों को थोड़े ही बैठना है इसमें,” सुमित्राबाई म्हणाल्या.

मानसने खिडकीपाशी येऊन आवाज खाली आणला. “आई, यार, जरा प्रॅक्टिकल विचार कर. गाझियाबादच्या त्या सोसायटीत आपलं पार्किंग केवढं? दोन खांबांच्या मध्ये. छोटी गाडी घेतली तर कृतिकालासुद्धा चालवता येईल. घरात आपण माणसं किती? तुम्ही दोघं, आम्ही दोघं, तनया. पाच.”

“पाच आपण. आणि येणारे?”

मानस काही तरी बोलणार होता. पण त्याने नुसतं वडिलांकडे पाहिलं.

येणारे त्या घरात नेहमीच होते. सुमित्राबाई शहात्तर साली लग्न होऊन दिल्लीत आल्या आणि पुढे लक्ष्मीबाई नगरचं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर मिळालं. एम्स तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे सांगली-मिरजेकडे कुणाच्या हृदयाची झडप बिघडली, की त्याच्या खिशात सूर्यकांतांचा पत्ता असायचा. यूपीएससीच्या मुलाखतीला आलेली मुलं असायची. वैष्णोदेवीला जाताना एक रात्र आणि येताना तीन रात्री टेकणारी मंडळी असायची. परेडचे पास मिळतील का, म्हणून नोव्हेंबरातच पत्र धाडणारे असायचे. आणि ह्यातल्या प्रत्येकाला एकदा पानिपतला जायचं असायचंच. काळ्या आंब्याच्या त्या जागेपाशी एरवी बडबडी माणसंसुद्धा गप्प होत, चपला काढत. सुमित्राबाई अठ्ठावन्न वेळा पानिपतला जाऊन आल्या होत्या. सूर्यकांतांच्या मते एकसष्ट वेळा.

पहिली जुनी अँबॅसॅडर घेतली ती ह्याच पायी. तिच्यात नऊ माणसं बसतात हे कंपनीला माहीत नसेल, सुमित्राबाईंना माहीत होतं. मग मारुती व्हॅन आली, मग क्वालिस, आणि शेवटी ती मोठी डिझेल गाडी. डिझेलला दहा वर्षं भरली की दिल्लीच्या परिसरात ती चालवता येत नाही, म्हणून गेल्याच महिन्यात लखनौच्या पलीकडची एक पार्टी ती घेऊन गेली. कुणी गाडी रंगावरून घेतं, कुणी ॲव्हरेज विचारून. ह्या घरात ती डोकी मोजून घेतली जायची. आताही सुमित्राबाईंनी मोजली होती. डिसेंबरात उल्हास, नीला, त्यांचा मुलगा आणि सून. घरातले मिळून नऊ. दोघांना मेट्रोने पाठवता येईल.

“थांब, त्यालाच दाखवते,” त्या म्हणाल्या आणि तिसऱ्या रांगेतूनच त्यांनी व्हिडिओ कॉल लावला.

उल्हास म्हणजे सूर्यकांतांचा धाकटा भाऊ. पंचाऐंशी साली बँकेच्या परीक्षांसाठी आठ महिने लक्ष्मीबाई नगरच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला टेकून त्याने अभ्यास केला होता. आता बँकेतून निवृत्त होऊन सांगलीला असायचा. तो बनियनवरच फोनसमोर आला.

“वहिनी! कुठे आहेस तू? फार भारी काय तरी दिसतंय मागे.”

“गाडीत आहे, नव्या. ही बघ तुझी जागा.” त्यांनी फोन फिरवून सीट दाखवली. “मान थोडी वाकवावी लागेल तुला. पण तू तर जन्मभर कॅशच्या खिडकीत वाकूनच बसलास.”

“वा, वा. पण माझी जागा कशाला?”

“कशाला म्हणजे? डिसेंबरात येताय ना? गणपतीत म्हणालास की, येऊ एकदा. वाटेत मुरथलला पराठे खाऊ, तिथून पुढे पानिपत. तुझ्या सुनेने कुठे बघितलंय?”

“अगं, पानिपत झालं की आमचं! फेब्रुवारीत. टूरबरोबर आलो होतो ना आम्ही...” आणि उल्हास थांबला.

मागून नीलाचा आवाज आला, “अहो, कुणाचा फोन?” त्याने तिला हाताने गप्प केलं. ते फोनवर दिसलं.

“दिल्लीला आला होतात?” सुमित्राबाईंनी विचारलं.

“चारच दिवस गं. करोल बागेत हॉटेल होतं. सकाळी सातला बस निघायची, ती पार संध्याकाळी परत. आम्ही चौघं, वर नीलाची बहीण. म्हटलं, वहिनीला कशाला त्रास? तुझे गुडघे असे. आणि जेवणाचंही काही नव्हतं गं. टूरवाल्यांनी आपले आचारी आणले होते बरोबर. एक दिवस पुरणपोळीसुद्धा केली होती.”

सुमित्राबाईंना एकाएकी फेब्रुवारीतला फोन आठवला. उल्हासचाच. तिकडे थंडी अजून आहे का गं वहिनी, स्वेटर लागतो का, असं त्याने विचारलं होतं. आपल्याला थंडीवाऱ्याचं कुणी आपुलकीने विचारतंय ह्याचंच त्यांना कौतुक वाटलं होतं. सकाळ-संध्याकाळ लागतो बाबा, दुपारी नाही, असं त्यांनी नीट सांगितलं होतं. त्याप्रमाणे त्याने स्वेटर बॅगेत भरला असणार.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. आवाज जराही हलला नाही. “काळ्या आंब्यापाशी किती वेळ थांबलात?”

“वीस मिनिटं. गाइड घाई करत होता.”

“वीस मिनिटांत काय बघणार, कप्पाळ! बरं, नीलाला विचारलं म्हणून सांग. बनियनवर फोन घेत जाऊ नकोस, आता तू सासरा झालास.”

उल्हास हसला, पण ओशाळून. फोन बंद झाला.

सरला मॅडमना मराठी कळत नव्हती. पण माणसांचे चेहरे कळत होते. त्या पाणी आणते म्हणून बाजूला झाल्या.

त्रास. सुमित्राबाई त्या मागच्या सीटवर बसून ह्या शब्दाकडे नीट बघत राहिल्या. खोटं कशाला बोला, त्रास होताच. अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात एकाच वेळी अकरा पाहुणे होते घरात. पाणी पहाटे पाच ते सहा, न्हाणीघर एक. कुणाला पथ्याचं, कुणाला उपासाचं, कुणाला चहात साखर नको. तेव्हा स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन त्या पदरात तोंड खुपसून रडल्या होत्या, आणि देव्हाऱ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, एक महिना, फक्त एक महिना कुणाला पाठवू नकोस. देवाने ऐकलं होतं म्हणायचं. फक्त सवडीने ऐकलं. आधी पत्रं थांबली, मग मुक्काम थांबले, मग नुसते फोन राहिले. आणि तरी दर वेळी गाडी घेताना डोकी मोजायची त्यांची सवय सुटली नव्हती.

“मानस,” त्यांनी आतून हाक मारली. “तुला माहीत होतं.”

मानस खाली बघत म्हणाला, “फेसबुकवर फोटो टाकले होते नीलाकाकूने. इंडिया गेटचे.”

“आणि तुम्हाला, अहो?”

सूर्यकांत अजून चाकाकडेच बघत होते. “मानसने दाखवले.”

“म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक. आणि तरी चार महिने पार्किंग आणि खांब करत माझ्याशी भांडत बसलात?”

“मी काही भांडलो नाही,” सूर्यकांत म्हणाले. “मी म्हटलं, घेऊ दे सात सीटची. काय बिघडतं?”

“बिघडतं! काय बिघडतं म्हणे!” सुमित्राबाई एकदम कडाडल्या, इतक्या की पलीकडे लाल गाडीत बसलेलं एक जोडपं वळून बघायला लागलं. “मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही एवढी धूड गाडी दारात आणून उभी करणार? रोज खाली उतरले की मागच्या दोन सीटा मला दिसणार. ते नाही वाईट वाटणार?”

सुमित्राबाईंनी निऱ्या पुन्हा गोळा केल्या.

“हात दे,” त्या मानसला म्हणाल्या. “शिरताना कळलं नाही, पण बाहेर निघायला भलतंच अवघड केलंय मेल्यांनी.”

बाहेर येऊन त्यांनी चपला घातल्या, पदर सारखा केला आणि पाण्याचा ग्लास घेऊन आलेल्या सरला मॅडमना म्हणाल्या, “छोटी वाली दिखाइए.”

“आंटीजी, और मेहमान?”

“मेहमान होटल में रुकते हैं.” हे त्यांनी कसं म्हणावं, तर भाव विचारल्यावर भाव सांगावा तसं. पाणी मात्र सगळं प्यायल्या.

छोटी गाडी निळी होती. सुमित्राबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली. डिकी उघडायला लावली, आत एक मोठी बॅग मावेल हे पाहिलं आणि पुरे म्हणाल्या. रंग कोणता हवा म्हणून मानसने विचारलं. रंगाचा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. अँबॅसॅडर पांढरी होती कारण ती पांढरीच मिळाली. व्हॅन राखाडी मिळाली, म्हणून राखाडी.

“हाच,” त्या म्हणाल्या. “निळा. चांगला आहे.”

“पक्का? कृतिकाला फोटो पाठवू?”

“पाठव. आणि सांग, आईला आवडलाय.”

चालवून बघण्यासाठी गाडी बाहेर काढली. मानस चालवणार होता, सरला मॅडम बरोबर येणार होत्या. मानसने सवयीने आईसाठी मागचं दार उघडून धरलं. सुमित्राबाई त्या दाराकडे न बघता पुढून वळसा घालून गेल्या आणि ड्रायव्हरशेजारचं दार उघडून बसल्या.

“अगं, माझे पाय...” सूर्यकांत सहा फुटी होते.

“चाळीस वर्षं पसरलेत की पुढे. आता बघा, मागून दिल्ली कशी दिसते ते.”

“दिसतंय काय, तुझं डोकं दिसतंय,” मागे घडी घालून बसता बसता सूर्यकांत पुटपुटले. सरला मॅडमना त्यांच्या सुरावरून हसू आलं.

खरं तर त्यांच्या चारही गाड्यांत सुमित्राबाई पुढे अशा कधी बसल्याच नव्हत्या. पुढची जागा पाहुण्यांतल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाची. मानस गाडी चालवायला लागल्यावर ती सूर्यकांतांच्या लांब पायांची. दोघंच कुठे जायचे असले, तर गाडी काढायची पद्धतच नव्हती. दोघांना बस होती, पुढे मेट्रो आली. त्यामुळे समोरच्या काचेतून एवढा रस्ता अंगावर येतो, हे त्यांना आज कळत होतं. फाटकाबाहेरचं ई-रिक्षांचं कडबोळं, पेरूच्या गाड्या, उड्डाणपुलाचे खांब, सगळं कसं थेट.

“आई, बेल्ट लाव.”

त्यांनी पट्टा ओढला, दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा खट्ट आवाज आला. कुणाची मदत लागली नाही.

मग हातांचं काय करायचं, ते त्यांना सुचेना. गाडीत बसलं की मांडीवर काही ना काही असायचंच. कुणाचं तरी पेंगुळलेलं पोर. पुऱ्यांचा गरम डबा, खाली टॉवेलची घडी. एकदा तर लक्ष्मीबाई नगरपासून पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यापर्यंत कुणाच्या तरी छातीचे एक्स-रे, दुमडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी आडवे धरलेले.

“कुठे घेऊ?” मानसने विचारलं. “सोसायटीवरून एक चक्कर मारू?”

“नको. हायवेला घे,” सुमित्राबाई म्हणाल्या. “पळते कशी ते बघू दे.”

गाडी वळून मोकळ्या रस्त्याला लागली. त्यांनी उजव्या हातावर डावा हात ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर, तिथेच, तसेच राहू दिले.