तू नुसता अभ्यास कर

"मावशी, तुमचा फोन वाजतोय कधीचा!"

खिडकीजवळच्या पेशंटने सांगितलं तेव्हा मावशींचे दोन्ही हात अडकलेले होते. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवून खालची ओली चादर काढायची आणि तो कण्हायच्या आत कोरडी सरकवायची, हे काम अर्धवट टाकता येत नाही. ते उरकून, हात पुसून त्यांनी फोन घेतला. शेजारच्या शिंपीणबाई होत्या.

"अहो, तुमच्या सासूबाई काहीबाही बरळतायत. घामाने निथळल्यात नुसत्या. साखरेचं पाणी पाजायला गेले तर गिळेनात. गाडी बोलावलीय, तुमच्याच दवाखान्यात घेऊन येते."

"आणि पोरगी?"

"आहे ना. तीच आली मला बोलवायला. पण उशिरा आली हो."

खरं तर मावशींची कामाची पाळी दुपारीच संपली होती. बदलीची बाई आली नाही म्हणून त्या थांबल्या होत्या. घरी फोन करून लेकीला सांगितलंही होतं, "मला उशीर होईल. तू जागची उठू नकोस, धडा संपव."

लेक दहावीत होती आणि वर्गात पहिली यायची. नवरा ट्रकवर, महिन्यातले थोडेच दिवस घरी. आपला जन्म लोकांची घाण उपसण्यात गेला, पोरीच्या हाताला यातलं काही लागायला नको, एवढंच मावशींनी मनाशी धरलं होतं. डबा भरून हातात, पाण्याची बाटली दप्तरात. वेणीसुद्धा त्याच घालायच्या, तेवढ्यात पोरीचं पाठांतर व्हायचं. "परीक्षेला तरी तिला एकटीला बसू देता का?" असं शिंपीणबाई चेष्टेने म्हणायच्या. मावशी हसण्यावारी न्यायच्या. लेक कधी मदतीला उठलीच तर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "राहू दे गं. तू नुसता अभ्यास कर."

सासूबाईंना तातडीच्या विभागात घेतलं. हाताला सलाईन लागलं. तरुण डॉक्टरने लेकीला विचारलं, "मधुमेहाची गोळी घेतल्यावर आजी जेवल्या होत्या?"

"नाही."

"घरात जेवण नव्हतं?"

"होतं. ओट्यावर झाकलेलं होतं."

"मग?"

"आईने वाढलं नव्हतं."

डॉक्टर नाडी बघत राहिला. मावशींची नजर फरशीवरून वर उठेना.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. मावशींनी विचारलं, "आजी काहीच म्हणाली नाही?"

"भूक लागली म्हणाली. मी म्हटलं, आई येईल एवढ्यात. मग म्हणाली, हात थरथरतायत. मला वाटलं, वयामुळे."

"आणि घाम सुटला तेव्हा?"

"पंखा मोठा केला." एवढं बोलून लेकीला रडूच कोसळलं. "आई, मला हे येतं गं. रक्तातली साखर कमी झाली की काय होतं, हा प्रश्न मी लिहिलाय. पूर्ण मार्क मिळालेत. पण ते आपल्या आजीला होतंय, असं मला वाटलंच नाही."

एवढी घोडी झालीस, साधं ताट वाढता आलं नाही? शब्द मावशींच्या ओठांवर आले होते. पण जागची उठू नकोस, असं तिला सांगितलं कुणी? आणि चिडायला तरी अंगात त्राण हवं. सकाळपासून त्या उभ्याच होत्या. त्यांनी पोरीचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

सासूबाई वाचल्या, पण पूर्ण परत आल्या नाहीत. पूर्वी कुणाला बोलण्यात हार जायच्या नाहीत. आता चष्म्याला चमचा म्हणायच्या आणि आपलं काहीतरी चुकलं हे कळून गप्प बसायच्या. ते गप्प बसणंच मावशींना सोसायचं नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मावशी त्यांना अंघोळ घालायला उठल्या, तर लेक मध्ये आली.

"मी घालू?"

"अगं, परीक्षा तोंडावर..." मावशी तिथेच थांबल्या. "घाल."

न्हाणीघराबाहेर स्टूल ओढून त्या बसल्या. त्यांना हे काम डोळे मिटून येत होतं, निम्म्या वेळात झालं असतं. आत बादली आपटली, साबण निसटून पडला. दोनदा त्या अर्धवट उठल्या, दोनदा बसल्या.

"आई, पाणी किती गरम हवं?"

उत्तर जिभेवर होतं, पण मावशींनी ते गिळलं. "मला काय विचारतेस? हात घालून बघ. आजीला विचार."

आत कुजबुज झाली. सासूबाई शब्द शोधत होत्या. लेक घाई न करता थांबली होती. शेवटी म्हातारीचा आवाज आला, "ऊन आहे. बरं वाटतंय."

पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग लेक ओरडली, "अगं आई, टॉवेल बाहेरच राहिला!"

"ये, घेऊन जा," मावशी थकलेल्या आवाजात म्हणाल्या.

"नको. फरशी ओली आहे, आजीला सोडून कशी येऊ? तूच दे."

मावशी चमकल्या. दोरीवरचा टॉवेल काढून त्या दाराशी गेल्या. फटीतून साबणाने माखलेला हात बाहेर आला. त्यावर टॉवेल ठेवून, आत न डोकावता, त्या परत स्टुलावर येऊन बसल्या.