मुलगा बघायला गोकुलमला

म्हैसुरात लपूनछपून प्रेम करणं हे साध्यासुध्या मुलीचं काम नव्हे. कुठल्याही हॉटेलात जा, मसालदोशाचा पहिला घास तोंडात जायच्या आत शेजारच्या टेबलावरून कोणीतरी विचारतंच, "तू पद्मनाभरावांची धाकटी ना?" अप्पा बँकेतून निवृत्त झाले खरे, पण अर्ध्या कुवेंपुनगरची खाती त्यांच्याच हातची. म्हणून मी आणि गुरुराज भेटायचो ते हेब्बाळला, कंपनीच्या बस उभ्या राहतात त्या रस्त्यामागच्या टपरीवर. तिथे सगळेच दमलेले असतात, कोणाला कोणाकडे बघायचं त्राण नसतं.

माझं नाव गोदा. थोरल्या बहिणीचं तुंगा. अप्पांना नद्यांची भारी हौस, तिसरी मुलगी झाली असती तर तिला भीमा म्हणून मोकळे झाले असते. मी सत्तावीस वर्षांची आहे, दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, आणि त्याचाच मला पगार मिळतो. ही सवय अंगात इतकी भिनली आहे की माणसातसुद्धा आधी मला चूकच दिसते.

गुरुराजच्या आधी ॲपवरून काही जणांना भेटून झालं होतं. एक म्हणाला, "तू इतर मुलींसारखी नाहीस." मी विचारलं, इतर मुलींचं काय वाईट आहे? त्यानं बिल मागवलं. दुसऱ्यानं पहिल्याच भेटीत मला सार करता येतं का ते विचारलं. मी त्यालाही हाच प्रश्न केला, तर तो असा हसला की जणू मी त्याला बांगड्या भरायला सांगितलं.

आणि या असल्या भेटींसाठी मुलीनं काय काय करायचं! मुलगा फार तर दाढी करतो. मुलगी भुवया कोरून घेते, वरच्या ओठावरची लव काढताना डोळ्यांतून पाणी काढते, कुठल्या कुर्त्यातून ब्राची पट्टी डोकावत नाही ते आरशापुढे वळून वळून पाहते, आणि नेमकी त्याच दिवशी पाळी येते. पोटात कळा आणि चेहऱ्यावर हसू, हे मला आता झोपेतही जमतं.

गुरुराजला भेटायच्या दिवशीही तेच झालं. त्या दिवशी मात्र मला कंटाळा आला होता. मी सरळ सांगून टाकलं, "पाळी आलीय, पोट दुखतंय, फार हसणार नाही." तो छताकडे बघू लागला नाही. त्यानं टपरीवाल्याकडून गरम पाण्याचा ग्लास आणला, माझ्यापुढे ठेवला आणि आपल्या बॉसची नक्कल करून दाखवली. मला हसावं लागलंच. तिथेच मी घसरले.

पुढे कळलं की तो आपल्यातलाच. घरात मराठी, बोलण्यात निम्मं कन्नड, मठही तोच. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अम्मानं हाच मुलगा पत्रिकेसकट फुकटात आणून दिला असता. या एका कारणासाठी मी तिला काही सांगितलं नव्हतं. इतकी मेहनत करून शोधलेला मुलगा शेवटी अम्माच्या पसंतीचा निघावा, हे पचायला वेळ लागतो.

नवरात्राच्या तोंडावर गुरुराजनं लग्नाचं विचारलं. "घाई नाही," म्हणाला, "विजयादशमीपर्यंत सांग."

मी तिथल्या तिथे हो म्हटलं असतं. आडवी आली ती तुंगा. तिचा व्यासराज लग्नाआधी तिच्यासाठी उपमा करायचा, वर भांडी घासून पालथी घालायचा. आम्ही सगळे त्याच्यावर फिदा होतो. आज त्याच व्यासराजला आपल्या घरात चमचे कुठे असतात ते माहीत नाही. तुंगा ऑफिसातून येते, पदर खोचते आणि ओट्याशी उभी राहते. मी तिच्याकडे चार दिवस राहून आले की मला रागानं झोप येत नाही. गुरुराजही म्हणत होता, "आमच्या घरी भांडी मीच धुतो." म्हणत तर व्यासराजही होता. मला गुरुराज हवा होता, मनापासून हवा होता, म्हणूनच भीती वाटत होती. जन्मभर ओट्याशी उभं राहून त्याचा राग राग करण्यापेक्षा आत्ताच नाही म्हटलेलं बरं, असं मी ठरवत होते आणि रडत होते.

शेवटी वाट दाखवली ती वनजानं. वनजा माझ्याच टीममध्ये आहे. तिचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, आणि वनजा अजून घोड्यावरच असते. बसमध्ये माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "नवरात्र आहे ना? मग जाऊन बघून ये की घर. गोंबे बघायला आलो म्हणायचं. कोण हाकलून देतं?"

गोंबे म्हणजे बाहुल्या. नवरात्रात आमच्याकडे घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, मधोमध राजा-राणी, आणि ज्या घरी मांडल्यात तिथे कुठल्याही बाईनं खुशाल आत शिरावं. ओळख लागत नाही. बाहुल्या बघायच्या, जमलं तर एखादं गाणं म्हणायचं, कुंकू लावून घ्यायचं, द्रोणातली उसळ खायची आणि पुढच्या घरी जायचं. या निमित्तानं गावातल्या आयांनी आजवर किती सुना हेरल्या याची गणती नाही. तुंगालाही असंच हेरलं होतं. बाई बघत होती हनुमानाची बाहुली आणि डोळे होते तुंगाच्या केसांवर. मग मुलीनं मुलगा का हेरू नये?

शनिवारी संध्याकाळी अम्माची रेशमी साडी नेसून, डोक्यात हातभर जाई माळून मी वनजाच्या स्कूटरवर मागे बसले. गोकुलमला गुरुराजच्या घरासमोर योग शिकायला आलेल्या गोऱ्या मुलींची गर्दी होती. त्यांच्याच घोळक्यात मिसळून आम्ही आत शिरलो. कन्नडच बोलायचं, मराठी तोंडातून काढायचं नाही, असं ठरलं होतं.

"बन्नी, बन्नी," गुरुराजची आई, वरलक्ष्मीबाई, दारातच हसून 'या, या' म्हणाल्या.

"गोंबे नोडक्के बंद्वि, आंटी," वनजानं ठोकून दिलं. बाहुल्या बघायला आलोय!

बाहुल्या कुठल्या होत्या देव जाणे. हॉलला लागून एक खोली होती आणि तिच्या उघड्या दारातून मला गुरुराजची पाठ दिसत होती. कानावर हेडफोन, समोर लॅपटॉप. मी राजा-राणीपुढे हात जोडले आणि मान तिरकी करून आत बघत राहिले. वरलक्ष्मीबाई बायकांना कुंकू लावत होत्या, गोऱ्या मुलींना उसळ कशी खायची ते दाखवत होत्या, मध्येच स्वयंपाकघरात जाऊन येत होत्या. एकदा आल्या त्या हातात कॉफी घेऊन, आणि थेट त्या खोलीत गेल्या. गुरुराजनं मान वळवली नाही. नुसता हात बाजूला केला. कप हातात आला. थोड्या वेळानं रिकामा कप तसाच हवेत धरला, आणि वरलक्ष्मीबाई हातातलं कुंकवाचं तबक खाली ठेवून गेल्या आणि तो घेऊन आल्या.

बस. माझं लग्न तिथे, राजा-राणीच्या साक्षीनं मोडलं. मला व्यासराज आठवला, तुंगा आठवली, आणि डोळे भरून आले. त्या गरम पाण्याच्या ग्लासाचा सुद्धा राग आला. मी वनजाचा हात ओढला. "चल, निघू," असं कुजबुजून मी दाराकडे वळले.

"गोदा, उसळ खाल्ल्याशिवाय जाऊ नये ग," मागून आवाज आला. चक्क मराठीत.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. वरलक्ष्मीबाई द्रोण घेऊन उभ्या होत्या.

"तुम्ही... तुम्हाला कसं..."

"गुरूनं फोटो दाखवलाय की. आणि परवा मी तुमच्या घरी येऊन गेले ना, अल्वा? गोंबे बघायला."

"आमच्या घरी? मी तुम्हाला बघितलंच नाही, काकू."

"कशी बघशील? सोफ्यावर पाय घेऊन बसली होतीस, कानात ते घालून. तुझी अम्मा पाच-सहा बायकांना कुंकू देत होती. मध्येच तुला काफी आणून दिली तिनं. तू मान पण वर केली नाहीस, हात तेवढा पुढे केलास. मग कप पण तीच घेऊन गेली, बिचारी."

"मी कॉलवर होते, काकू," मी म्हणाले. "अमेरिकेचा होता."

"तो पण कॉलवरच आहे की," काकू शांतपणे म्हणाल्या.

वनजाला ठसका लागला. उसळीतला हरभरा तिच्या घशात अडकला आणि हसूही. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून म्हणतात ते हेच. कॉलचं सोडा, कॉल नसतानाही मी कप कधी उचलला होता? रात्रीच्या ताटाचं काय? तुंगासाठी चिडून मला झोप येत नव्हती, आणि अम्मा माझ्या डोळ्यांपुढे त्याच ओट्याशी उभी होती ती मला कधी दिसलीच नव्हती. मला माझीच भयंकर लाज वाटली.

"मग तुम्हाला मी पसंत नाही," मी म्हणाले.

"पसंत आहेस ग. हसतेस छान, गुरू तुझ्याविषयी बोलताना किती खूष असतो. पण मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही." त्यांनी मला शेजारी बसवलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगते, रागावू नको. या एकाचं करता करता माझे गुडघे गेले. मला वाटलं होतं, सून तरी कामाची येईल, त्याला चार गोष्टी शिकवेल. तुमच्या घरी येऊन बघते तर तू पण तशीच! उद्या तुम्ही दोघं या हॉलमध्ये दोन बाजूंना बसणार, दोघांचे हात पुढे. मध्ये धावणार कोण? मीच अल्वा?"

मी आजवर सासूच्या भीतीबद्दल ऐकलं होतं. सुनेची इतकी भीती वाटणारी सासू पहिल्यांदाच बघत होते. आणि त्यांचं काय चुकत होतं? काही म्हणजे काही नाही.

"काकू," मी म्हणाले, "आम्ही वेगळं राहिलो तर?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "वेगळं म्हणजे वरच्या मजल्यावर? साध्य नाही. तो जेवायला खालीच येणार."

"वरती नाही. हेब्बाळच्या बाजूला भाड्यानं घर घेऊ. उपाशी राहू, करपलेलं खाऊ, भांडी साठली तर साठू देत. तुम्ही वर्षभर आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही."

"वर्ष कशाला? दोन वर्षं ठेव की!" काकूंनी माझा हात गच्च धरला. "माझं हो. आत्ताच हो."

तेवढ्यात कॉल संपवून गुरुराज बाहेर आला. रेशमी साडीतली मी, उसळ खाणारी वनजा आणि माझा हात धरून बसलेली आपली आई असं दृश्य पाहून तो दारातच थिजला.

"भांडी मीच धुतो म्हणाला होतास ना?" मी विचारलं.

"धुतो ना, रविवारी," तो चाचरत म्हणाला.

"धुतो, धुतो," काकू म्हणाल्या. "तेल तसंच असतं. तो झोपला की मी परत धुते."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस, अम्मा!" गुरुराज खरोखर दुखावला होता. ते पाहून माझा राग पळाला. त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं, जसं मला माहीत नव्हतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं उत्तर हो आहे. आता घर शोध. दोन माणसांचं, तिसऱ्या बाईशिवाय चालणारं." तो आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघून इतका वेड्यासारखा हसला की एका गोऱ्या मुलीनं बाहुल्या सोडून त्याचा फोटो काढला.

घरी आले तेव्हा अम्मा आरती आटपून नुकतीच टेकली होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ॲप, टपरी, गुरुराज, गोकुलम, सगळं. तिनं मठ विचारला, गोत्र विचारलं, आईवडील कोण ते विचारलं. मग मी घाबरत घाबरत मुख्य गोष्ट सांगितली. आम्ही वेगळं राहणार, त्यांच्याकडे नाही आणि इथेही नाही. तुंगा सासरी गेली तेव्हा अम्मा आठवडाभर रडत होती. म्हणून मी तिचा हात आधीच धरून ठेवला होता.

"स्वयंपाक तुम्हीच करणार?" तिनं विचारलं.

"आम्हीच."

"भांडी, कपडे?"

"तेही आम्हीच."

अम्मानं पाय लांब केले, गुडघ्यांवरून हात फिरवला आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मला हसू आलं आणि, खरं सांगते, मनाला चांगलंच लागलं.

"मग तुळशीचं लग्न झालं की लगेच करून टाकूया," ती म्हणाली. "उगीच लांबवायचं कशाला?"

तुंगाच्या वेळी मनासारखा मुहूर्त शोधायला तिला अख्खं वर्ष लागलं होतं.