जातो म्हणून गेलेला पोट्टा

एका शब्दानं एवढं काय व्हावं, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या दर्यापुराकडं घरातून निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. पानठेल्यावर चालला तरी येतो, मुंबईला चालला तरी येतो. ‘जातो’ हा शब्द आमच्याकडं मरणाचा. आणि नासिरभाईंचा तौहीद त्या सकाळी पाठीला बॅग अडकवून शेजारच्या सुभद्राच्या ओट्याशी थांबला अन् म्हणाला, “जातो, मावशी.”

सुभद्राच्या हातातलं सूप तसंच राहिलं. हे पोरगं तिच्या मुलासोबत, शिवमसोबत वाढलेलं, दोघांना तिनं एका ताटात भाकर कुस्करून चारलेली. ‘येतो’ म्हणायलाही तिनंच शिकवलं होतं. विसरला की रस्त्यातून मागं बोलवायची. चुकून निघालं असेल तोंडातून, अशी तिनं मनाची समजूत घातली, पण पटेना. ती तडक तौहीदच्या आईकडं, शहाजादीकडं गेली.

“तौहीद कुठं गेला वं?”

“अकोल्याले. परीक्षा आहे ना त्याची.”

“मले जातो म्हनला.”

“चुकला असन, बाई,” शहाजादी हसली. पण तौहीदची धाकटी बहीण निखत आतून आली ती रडतच, अन् तिनं सगळं सांगून टाकलं.

सलग दोन हंगाम बुडाले होते. फवारणीचे पंप दुरुस्त करायचं नासिरभाईंचं दुकान ओस पडलं होतं, अन् तिथं बसणारा तौहीद दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून असायचा. परदेशातला कोणी एक जण त्याच्याशी बोलायचा. लढायांचे, माणसं मारल्याचे व्हिडिओ पाठवायचा. आज त्याचा एक माणूस अकोल्याच्या स्टेशनवर तौहीदला न्यायला येणार होता. तिकडं बंदूक शिकायची, अन् मग सांगतील तिथं मरायचं. “कोनाले सांगू नको म्हनून मले त्यानं कसम घातली होती,” निखत म्हणाली.

सुभद्राचा कानांवर विश्वास बसेना. अतिरेकी टीव्हीत असतात, कुठल्या तरी दूरच्या गावात असतात. हा तर काल तिच्या चुलीशी बसून ठेचा मागत होता.

“पोलिसांले सांगू नका,” नासिरभाई हात जोडून म्हणाले. “गोळी घालतीन त्याले. नाई त जलमभर आत.”

“माहा देवराव आहे ना ठान्यात,” सुभद्रा म्हणाली, अन् कोणाला न विचारता तिनं फोन लावला. देवराव तिचा मावसभाऊ, ठाण्यात जमादार.

अकोल्याला पोलिसांची हत्यारबंद माणसं निघायच्या बेतात होती. देवरावनं ठाण्याच्या साहेबांची मनधरणी केली. पोट्ट्यानं अजून काही केलं नाही, म्हणाला. बंदुका पाहिल्या की पळेल, पळाला की मरेल, अन् त्याच्या मरणाचा व्हिडिओ दाखवून तो परदेशातला आणखी दहा पोरं उचलेल. बापाला पुढं करा. साहेबांनी ऐकलं, हे नवलच. साध्या कपड्यातले पोलीस दूर उभे राहिले. नासिरभाई एकटे फलाटावर गेले, पोराचा हात धरला अन् त्याला बाहेर घेऊन आले. न्यायला आलेल्या माणसाला मात्र बेड्या पडल्या.

तौहीदला कोठडीत घालायचं नाही, असं साहेबांनी ठरवलं. दिवसा ठाण्यात बसवायचं, मौलवीसाहेबांनी अन् आईबापांनी त्याच्याशी बोलायचं, संध्याकाळी घरी न्यायचं. अट एकच, घराबाहेरच्या कोणीतरी त्याची हमी घ्यायची. हमी नाही तर गुन्हा, अन् गुन्हा म्हणजे तुरुंग. मोहल्ल्यातल्या लोकांनी दारं लावून घेतली. कोणाला भीती नसते हो?

“मी घेईन हमी,” सुभद्रा म्हणाली.

“डोकं फिरलं काय तुहं?” तिचा नवरा नत्थुजी भडकला. “उद्या त्यानं काही केलं त आपल्याले धरतीन.”

तरी ती गेली.

ठाण्यात तौहीद मान खाली घालून बसला होता, बाजूला शहाजादी. मौलवीसाहेब बोलून बोलून थकले होते, पोरगं तोंड उघडत नव्हतं. देवरावनं हमीचा कागद पुढं सरकवला. सुभद्रानं पेन घेतला अन् सहज विचारावं तसं विचारलं, “एक सांग रे. तो मानूस ज्यायले मारा म्हने, त्यात आमी होतो काय? मी, शिवम?”

नाही म्हणेल, गळ्यात पडून रडेल, हे ती धरूनच चालली होती.

तौहीदनं वर पाहिलं. “हो, मावशी.”

“अन् तू काय म्हनला त्याले?”

“मी हो म्हटलं.”

शहाजादीनं ओढणी तोंडात कोंबली. आपण कुठं बसलो आहोत तेही सुभद्राला काही क्षण कळेना. शिवमचं नाव घेतल्यावरही हा हो म्हणाला.

देवराव कागद हलकेच मागं ओढायला लागला. “राहू दे, ताई. कोनी तुले नाव ठेवनार नाई.”

“थांब,” ती म्हणाली. “नाई म्हटलं असतं त सही घेऊन सुटला असता. त्याले मालूम होतं ते. तरी खरं बोलला.”

तिनं सही केली.

“घरी ने याले, शहाजादी,” ती उठत म्हणाली. “पन आज माह्या समोर आनू नको. आज मले त्याचं तोंड पाहवत नाई. उद्या सकाळी पाठव. माह्या शिवमले मारायले तो हो काहून म्हनला, ते मले त्याच्या तोंडून ऐकाचं आहे.”